ओढा आणि पोळा

"म्याडम, ओढा मेला. बंधारा द्या," सरपंच मंगलताई म्हणाल्या. आम्ही कोरड्या पात्रात उभ्या होतो. शेजारी गावाची विहीर. दिवाळीनंतर ती तळ गाठते आणि टँकर सुरू होतो.

मी जलसंधारणात इंजिनिअर. बंधाऱ्याच्या आधी मी पाणलोट बघते, म्हणजे जेवढ्या जमिनीवरचं पाणी त्या ओढ्यात उतरतं ती सगळी जमीन. जिंतूरकडच्या डोंगरातून हा ओढा निघतो आणि पुढे नदीला मिळतो. पाऊस नुकताच थांबला होता. पाणी असायलाच हवं होतं.

आम्ही वर चढलो. सोबत गावातले म्हातारे शेतकरी सखारामआबा. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याला दोन फाटे. डावा विहिरीकडे, उजवा डोहातून थेट नदीत. सगळं पाणी उजवीकडे पळत होतं, कारण डाव्याच्या तोंडावर दगडांची भिंत होती.

"ही कोणी घातली?"

"आमीच," आबा म्हणाले. "पोळ्याला बैलं धुवायला डोह भरला पायजे ना."

"पोळा झाल्यावर काढत नाही?"

"पुरात जायचीच की वाहून. दरसाल कोन लावतंय? म्हून सिमेंटात बसवली."

"गावात बैल किती?"

आबांनी आठवून बघितलं. "एक जोडी हाय."

"मग डोहात काय धुता?"

"ट्रॅक्टर."

मी ऑफिसातल्या साहेबांना फोन केला.

"मॅडम, बंधारा मंजूर होतोय. तुम्ही का अडवताय?"

"सर, बांधला तरी कोरडाच राहील. पाणी वरूनच वळवलंय."

"मग लागेल काय?"

"पहार."

खाली पारावर आबा अडले. "पोळ्याचं काय मग?"

"आबा, ट्रॅक्टरला आंघोळ पायजे, का तुमच्या सुनंला प्यायला पानी?" मंगलताईंनी विचारलं.

आबांची सून समोरच उभी होती. आबा पहार आणायला घरी गेले.

भिंत फुटली. पोळ्यापुरती आडवी टाकायला एक फळी ठेवली. पोळा झाला की ती उचलून ठेवायचं काम आबांच्या सुनेनं मागून घेतलं. त्या वर्षी टँकर आला नाही.

उन्हाळ्यात मंगलताईंचा फोन आला. "म्याडम, पानी हाय. पर बंधारा न्हाई, तर उद्घाटन कशाचं करावं? आमदारसाहेबाला सांगून बसलेय मी."

मी तेव्हापासून एक ठरवलंय: ओढा मेल्याचा अर्ज आला की पाहणी वरून सुरू करायची, आणि निघण्याआधी गावाचा पोळा कुठे भरतो ते विचारायचं.