काच धरायला तिसरा हात

आमच्या गाळ्यात लोखंडाचा चुरा रोज संध्याकाळी झाडला जायचा. किस्से झाडायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून ते साचले! नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मीरा रोडला शांती नगरच्या इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांच्या खिडक्यांच्या ग्रिल्स आम्ही भाईंदर पूर्वेला वेल्ड करत होतो. 'आम्ही' म्हणजे गाळ्यातले कारागीर. मी होते सेफ्टीला.

इंटरव्ह्यू चालू असताना बाहेर कोणीतरी लोखंडी अँगल धाडकन टाकला. मी खुर्चीतून अशी उडाले की चहा थेट माझ्या बी.एस्सी.च्या मार्कशीटवर! नोकरी गेली, असंच मी धरलं. शेठ म्हणाले, "बेन, सोमवारपासून या. इकडे कोणी घाबरतच नाही. एक तरी घाबरणारं माणूस पाहिजे!"

*

पास्कल अंकल आमचे सगळ्यात जुने वेल्डर, उत्तनच्या कोळीवाड्यातले. हातात धरायची काळी काच ते कधी वापरायचे नाहीत. वेल्डिंगचा टाका मारताना नुसते डोळे मिटायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर नजर जाईल. घरी जाळं विणताना त्यांच्या गाठी आताच चुकायला लागल्या होत्या.

मी भीत भीत विचारलं, "अंकल, काच का नाही धरत?"

"एका हातात जॉबचं लोखंड हाय, एका हातात वेल्डिंगचा होल्डर. काच धराया तिसरा हात तू देते काय?"

शेठच्या मागे लागून मी डोक्याला अडकवायचे काळ्या काचेचे मास्क आणवले. अंकलनी एक लावून बघितला आणि परत दिला. "गरम व्हते."

*

एकदा माझंच बोट कापलं. फर्स्ट एडचा डबा उघडला तर आत पट्टी नाही, आयोडीन नाही. बटाटे! एकाला लांब कोंब आलेले. मी किंचाळलेच.

गॅस कटर चालवणारा रामसुरत शांतपणे म्हणाला, "मॅडम, पास्कल अंकल का है. आँख जलता है तो काट के रखते हैं."

"अरे, मग पट्टी?"

"पट्टी का जगह किधर है?"

*

हाच रामसुरत एकदा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा घट्ट बसलेला नट सोडवत होता. हातात तेलाची बाटली. ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो, हे त्याला कितीदा तरी सांगून झालं होतं. "तेल नको!" मी ओरडले.

तो दुखावला. "मॅडम, मशीन का नहीं है. नारियल का है, शुद्ध!"

*

वरसाव्याचा एक ढाबेवाला थिनरचा जुना ड्रम घेऊन आला. कापून भट्टी करून हवी होती. "खाली है," म्हणाला. अहो, रिकाम्यातच तर भडकणारी वाफ असते! रामसुरतने कटर पेटवला मात्र, मी जी सुटले ती थेट रस्त्यावर. वळून बघते तर सगळा गाळा माझ्यामागे, रामसुरतसकट!

"काय झालं?" मी विचारलं.

पास्कल अंकल धापा टाकत म्हणाले, "आमाला काय म्हाईत? तू पलाली म्हणून आमी पलालो!"

*

एका दुपारी अंकलची बायको, फिलोमिना आँटी, मासळीची पाटी दारात ठेवून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हा मानूस मास्क लावते काय?"

मी अंकलकडे बघितलं. अंकलनी माझ्याकडे.

"नाही," मी म्हणाले.

आँटीने स्टूल ओढलं, अंकलच्या अगदी समोर मांडलं आणि डोळे मोठे करून बसली. "कर चालू."

"उठ इथनं. डोले जातील तुजे."

"जाव दे. तुला दिसनार न्हाय, तं मी एकटी काय बघू?"

गाळ्यातला ग्राइंडरसुद्धा बंद पडला. अंकलनी होल्डर उचलला, ठेवला, परत उचलला. आँटीची पापणी हलली नाही.

शेवटी ते माझ्याकडे न बघताच खेकसले, "मॅडम, दोन मास्क काढ!"