जुन्या चिपा आणि तिचे शेरे

आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात भाताच्या वाफ्यांचे आकडे गोळा करून संगणकात भरायचं काम मी करत असे. कुंभकोणमहून रोज बसने जाऊन-येऊन. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कचेरीतली जुनी यंत्रं मोडीत निघाली. त्यांच्या पोटातल्या मेमरीच्या आठ पट्ट्या मी रीतसर अर्ज करून, सही देऊन घरी आणल्या.

घरच्या यंत्राची आतली डिस्क केव्हाच बिघडली होती. त्याऐवजी प्रिंटरच्या जागी जोडायची, पिशवीत घालून नेता येणारी हार्ड डिस्कची पेटी मी वापरत असे. ती फार संथ. वाफ्यांची एक वर्षाची फाइल उतरवायला सोळा मिनिटं. मी घड्याळ समोर ठेवून मोजली होती. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने त्या जुन्या चिपा यंत्रात बसवल्या आणि सोबत एक छोटा प्रोग्रॅम दिला.

"सार्, आता पाहुणा आला की आधी तिण्णैवर बसेल, आत मागाहून जाईल. दारात खोळंबा नाही."

तिण्णै म्हणजे आमच्याकडची ओसरी. माहिती आधी चिपांत जायची. यंत्र बंद करण्यापूर्वी एक आज्ञा दिली की मग पेटीत उतरायची; त्याआधी वीज गेली तर चिपांतलं सगळं पुसलं जायचं. सोळाची दोन मिनिटं झाली.

"आणि आज्ञा द्यायची राहिली तर?"

"तुमची? बसचं तिकीट आठवडाभर जपून ठेवणारा माणूस तुम्ही!"

माझी बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तिला साखरेचा आजार होता. शेवटचे साडेतेरा महिने मी रोज तिची रक्तातली साखर तपासून यंत्रात नोंदवत असे: तारीख, आकडा, औषध. शेवटी 'शेरा' असा रकाना होता. त्यात काय भरावं ते मला सुचेना, म्हणून ती त्या वेळी जे बोलेल तेच मी टाइप करायचो. "आकडा पाहून माझ्याकडं पाहू नका. आधी माझ्याकडं पाहा, मग आकडा." असलं काही. कधी नुसतं "मीठ कमी." एकूण चारशे बारा ओळी. कागदावर काही लिहिलं नाही, कागदाला आमच्याकडे वाळवी लागते. थोडंथोडं करून चार फ्लॉपींवर सगळं होतं, आणि त्या फ्लॉपी कचेरीच्या होत्या.

मुलगी पुण्याला दिलेली. ती फोनवर म्हणाली, "अप्पा, येताना आईचं ते सगळं आणा. इथं मी आपली तिकडची मराठी बोलले की सासरचे हसतात. तुमच्याशिवाय आता माझ्याशी तशी बोलतं कोण?"

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. रजेवर जाण्याआधी कचेरीच्या फ्लॉपी कोऱ्या करून परत द्यायच्या, हा माझा नियम. चारही फ्लॉपींवरचं मी पेटीत एकाच फाइलमध्ये उतरवलं. मग पेटीतली फाइल उघडून ओळी मोजल्या. चारशे बारा. पहिली आणि शेवटची ओळ वाचली. बरोबर होत्या. मग चारही फ्लॉपी एकेक करून पुसल्या.

तेवढ्यात शेजारच्या मामी भिंतीपलीकडून ओरडल्या, "ग्रहण लागतंय हो! घरात बाईमाणूस नाही, दर्भ तरी ठेवलेत का?"

ठेवले नव्हते. ते काम बायकोचं असे. मी धावत जाऊन लोणच्याच्या बरणीवर, पाण्याच्या घागरीवर, ताकावर दर्भाच्या काड्या ठेवल्या. ग्रहण लागण्यापूर्वी चूल विझवायची आणि दिवे मालवायचे ही आमच्या घरची रीत. वीज आल्यावर वडिलांनी त्यात मेन स्विचची भर घातली होती. मी मेन स्विच खाली ओढला आणि ओल्या पंच्याने जपाला बसलो. इतकी वर्षं ती स्विचपाशी उभी राहून म्हणायची, "तुमचं ते यंत्र आधी निजवा." त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

ग्रहण सुटल्यावर आंघोळ केली, यंत्र लावलं. पेटीत फाइल नव्हती.

दुरुस्तीवाल्याने दुपारपर्यंत खटपट केली. "इथं काही लिहिलंच गेलं नाही, सार्."

"मी तपासलं होतं. चारशे बारा ओळी."

"तुम्ही तिण्णैवरच्या पाहुण्याला मोजलंत." हे बोलताना तो हसला नाही. पैसेही घेतले नाहीत.

पुण्याच्या गाडीत मी वही काढून आठवायला बसलो. आकडे भराभर आठवू लागले, शंभराच्या वर लिहिले असतील. एकशे शहाऐंशी, दोनशे चार, एकशे बावन्न. वाक्यं मात्र दोन दिवसांच्या प्रवासात अकरा आठवली. ती वेगळ्या पानावर, स्वच्छ अक्षरात उतरवली.

मुलीने ते पान स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. आमच्या भाषेत, मोठ्याने. जावई बाहेर पेपर वाचत होते. सहाव्या वाक्यावर ती थांबली.

"'उद्या कमी येईल, घाबरायचं नाही.' अप्पा, हे आईचं नव्हे."

"मग?"

"हे तुम्ही म्हणायचात. रोज. तिला."

मी पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. खिशातलं पेन काढून मी सहावं वाक्य खोडलं आणि खालचे क्रमांक दुरुस्त केले. दहा झाले.