तीन कोटी अंक आणि एक प्लग

माझा नवरा ओड्वार चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होता. निवृत्त झाला आणि तळघरात संगणक लावून बसला. बाकीचे लोक निवृत्त झाले की मासे पकडतात. आमच्या फ्योर्डात माशांना काय तोटा? पण नाही! याला एक संख्या तपासायची होती. दोनला दोनने गुणत राहायचं, दहा कोटींहून जास्त वेळा, आणि शेवटी एक वजा करायचा. एवढ्याने तीन कोटींच्या वर अंक होतात म्हणे.

"आणि तपासायचं काय त्यात?" मी विचारलं.

"ती मूळ आहे की तिचे भाग पडतात, ते."

जगभरचे हौशी लोक अशा संख्या वाटून घेतात. हिशेबाच्या शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, आणि मग सगळीकडे नाव. तेरा महिने तळघर घरघरत होतं. जूनमध्ये हिशेब संपला आणि बाकी शून्य आली नाही. म्हणजे संख्या संयुक्त. भाग पडतात हे नक्की, पण कोणते, ते ना याला ठाऊक ना जगात कुणाला.

"बंद डबा हलवला की आत दोन वस्तू आहेत एवढं कळतं," ओड्वार म्हणाला. "झाकण मात्र उघडत नाही."

"तेरा महिने खपून खुळखुळा आणलास!" मी म्हटलं. तो हसला नाही.

कारण त्यांच्यात एक रीत आहे. दुसऱ्या कुणीतरी सगळा हिशेब पहिल्यापासून आपल्या यंत्रावर करायचा, आणि दोघांच्या बाकीची शेवटची सोळा चिन्हं जुळली तरच निकाल खरा. हे काम फिनलंडच्या रायलीबाईंकडे गेलं.

"नाही जुळली तर?" तो ताट सरकवून म्हणायचा. "खरी मूळ संख्या माझ्या हातून कचऱ्यात गेली असेल तर? चाळीस वर्षांत इंजिनाची एक नोंद चुकली नाही माझी, गुनलॉग."

मी बटाटे वाढत राहायचे. चोराच्या मनात चांदणं! झालं असं, हिशेब संपायच्या आधी सतरा मेला, आमच्या राष्ट्रीय सणाला, शाळेच्या बँडसाठी शंभर वॅफल, वेलची घातलेली जाळीदार धिरडी, करायची होती. स्वयंपाकघरात वॅफलची दोन यंत्रं एकदम लावली की फ्यूज उडतो. म्हणून एक तळघरात नेलं आणि भिंतीत दुसरा प्लग लावायला जागा नव्हती म्हणून ओड्वारच्या संगणकाचा उपटला. तासाभराने परत लावला, बटण दाबलं, घरघर सुरू झाली. मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून एकच भीती होती, त्या तासात हिशेब बिघडला असेल तर?

ऑक्टोबरात एका सकाळी त्याने खालून हाक मारली. रायलीबाईंचा निकाल आला होता. त्याला दोन्हीकडे एकदम बघवेना, म्हणून त्यांची चिन्हं मी वाचायची असं ठरलं. तो स्वतःची वाचणार.

"सात."

"सात."

"शून्य."

"शून्य."

सोळावं जुळलं तसा तो माशांच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसला. "संयुक्तच आहे गं!" म्हणाला, आणि रडायलाच लागला. लोक मूळ संख्या सापडली की नाचतात. आमच्याकडे ती सापडली नाही म्हणून आनंद! त्याच्यापेक्षा मीच जास्त रडले, आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं.

"ओड्वार, सतरा मेला तो प्लग... मीच काढला होता."

"माहीत आहे."

"काय?"

"यंत्र कधी बंद पडलं ते लिहून ठेवतं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. आणि तळघरभर वेलचीचा वास."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? पाच महिने माझा जीव टांगणीला!"

त्याने बाहीने नाक पुसलं. "बोललो असतो आणि चिन्हं जुळली नसती, तर तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. चूक निघालीच तर लिहिणार होतो, वीज गेली होती म्हणून."

मी वर आले आणि पीठ भिजवलं, वेलची जरा सढळ हातानेच घातली. वॅफलचं यंत्र मात्र एकच लावलं, स्वयंपाकघरात.