जावेच्या कॅसेटमधले अण्णा

माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं लग्न सासरी, धानोऱ्यात, एकाच दिवशी, एकाच मांडवात लागलं. कॅमेरावाला तिच्या बापानं आणलेला. ती सारंगखेड्याकडची, केळीच्या बागांतली. मी कोरडवाहू गावातली. ज्याचा कॅमेरा त्याचीच नवरी. तीन तासांच्या कॅसेटमध्ये मी म्हणजे तिच्या शेजारचा एक शालू.

हेवा वाटायचा. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू? आता तिची लेक गावातल्या जुन्या कॅसेटी गोळा करून कॉम्प्युटरवर उतरवते. कुणाचं लग्न, कुठली गणपतीची मिरवणूक, यात्रेतले घोडे. बुरशी धरलेली फीत कापसानं पुसते, जुना प्लेअर कुठून कुठून दुरुस्त करून आणते, आणि गाव तिला डोक्यावर घेतं. माझ्या पोरांना मोबाइलमधले फोटो सांभाळता येत नाहीत. म्हणजे इथेही जाऊच पुढे.

आमची कॅसेट जावेच्या पेटीत होती. लग्नानंतर भाड्याच्या व्हीसीआरवर सगळ्यांनी ती पाहिली, तेव्हा डोकं दुखतंय म्हणून मी आत पडून राहिले. कारण माहेरून मला न्यायला मूळ यायच्या आधीच माझे वडील, अण्णा, वारले होते. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. कॅसेटमध्ये ते असणार हे मला ठाऊक होतं. पण तिच्याकडे मागायचं? मेले तरी नाही.

परवा पुतणीच म्हणाली, "काकू, तुमची कॅसेट उतरवली. चला बघायला."

दुपारी आम्ही तिघी बसलो. आधी टोपी-टॉवेल. आमच्याकडे लग्नात प्रत्येक मानकऱ्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल चढतो, आणि तो कॅमेऱ्यात आला नाही तर वर्षभर फुगून बसतो. जावेचे मामा झाले, मामांचे शेजारी झाले. अण्णांची पाळी आली आणि कॅमेरा गर्रकन वळला. जाऊबाई पदर सावरत होत्या.

"तुझ्या आईचं काप जरा," मी म्हणाले. पुतणी हसली.

शेवटी आमच्या दोघींच्या माहेरचे पाहुणे परत निघाले. टेम्पोपाशी जाऊ रडत होती, आणि तिच्या मागे, खांद्यावर नवा टॉवेल टाकून, अण्णा उभे होते. घराच्या दाराकडे सारखे बघत होते.

मी तिथे नव्हते. दिवसभर कॅमेरा माझ्याकडे फिरकला नाही म्हणून रुसून आतल्या खोलीत बसले होते. अण्णा निघाले, असा निरोप आला. मी "येते" म्हणाले आणि उठले नाही.

अण्णा थांबून थांबून जावेपाशी गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसत होते, आणि वर सिनेमातलं पाठवणीचं गाणं वाजत होतं. कॅमेरावाल्यानं सगळ्या कॅसेटवर गाणीच भरलेली.

"हे गाणं काढ," मी म्हणाले.

"काकू, त्याच्याखाली आवाजच नाहीये."

चुली वेगळ्या झाल्यापासून मी जावेकडे कधी विरजणसुद्धा मागितलं नव्हतं. शेजारून दह्याच्या दोन कवड्या आणीन, पण तिच्याकडे नाही. त्या दुपारी मागावं लागलं.

"अक्का, मन्हा बाप तुले काय सांगी ऱ्हायना?"

तिला आठवावं लागलं नाही. "म्हनेत, मन्ही पोर रुसकी शे, पन वाईट नही. तिले संभाळी लेजो."

"मग माले कधी सांगं नही?"

"तू कधी इचारं?"

एकत्र होतो तेव्हा मी रुसून जेवायची थांबले की हीच बोलवायला यायची. तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायची. थोरलेपणा मिरवते, असं म्हणून मी मनातल्या मनात तिला शिव्या घालायचे.

अण्णांचं शेवटचं बोलणं तिच्या वाट्याला आलं, आणि तिनं ते पाळलंही. इतका हेवा मला तिचा लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटला नव्हता.