व्हरांड्यातली बेबी क्लास

"हा माझा हो," असं ती पाळण्यात वाकून म्हणायची. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं न सांगितलं तोच हिचा हात पुढे. बाळाचा तळवा दोन बोटांत धरायचा, आईकडे बघायचं आणि बजावायचं, "अडीच वर्षांचा झाला की माझ्याकडंच पाठवजा. दुसरीकडं शब्द देऊ नका जी."

आमच्या सेक्टरमध्ये तिच्याशिवाय एकही बारसं होत नसे. आमंत्रणाची तिला गरज नसे. मला पिंकीच्या वेळी सातवा महिना होता. भाजीवाल्याच्या ठेल्यापाशी तिने माझ्या पोटाकडे बघून बोटं मोजली आणि खुशीत म्हणाली, "म्हणजे जूनच्या बॅचले बराबर बसते." मी भडकलेच. बाई आहे की विम्याची एजंट, असं घरी येऊन नवऱ्याला म्हटलं.

स्टील प्लांटची आमची भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. क्वार्टरच्या पुढच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ती बेबी क्लास चालवायची. मुलं तिला टीचर म्हणायची, म्हणून आम्हीही टीचरच म्हणायचो. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, पण आमचीची गंमत वेगळी होती. तिच्या क्लासला घड्याळाची वेळ नव्हती, शिफ्टची होती. रात्रीची सी शिफ्ट करून बाप सकाळी घरी येऊन झोपला, की दोन खोल्यांत लेकरू ठेवायचं कुठे? ते टीचरकडे. बापाची झोप होईपर्यंत तिथेच. कोणाचा बाप कोणत्या शिफ्टला आहे हे तिला तोंडपाठ असायचं. मी कधी पिंकीला लवकर आणायला गेले तर मलाच दटावायची. "आज साहेब सी शिफ्ट करून आले ना? नेऊ नका इतक्यात. भट्टीवरचं काम आहे, झोपू द्या त्याइले."

भिंतीला भिंत लागून क्वार्टर. शेजारीही कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असायचंच. म्हणून तिच्याकडे सगळं हळू चालायचं. कविता हळू, पाढे हळू, भांडणसुद्धा हळू. वीस-बावीस पोट्टे मांडी घालून एका सुरात कुजबुजतायत, हे दृश्य बघायला पाहुणे मंडळींना आम्ही मुद्दाम घेऊन जायचो. लोक हसायचे, आम्हाला मात्र कौतुक होतं.

तिच्या घरची गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली. तिचा नवरा प्लांटमध्ये होता, काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळायची होती, आणि ती हिलाच मिळाली असती. हिने धाकट्या दिराचं नाव पुढे केलं. "बाईनं काय करायचं प्लांटात? तो लहान होता, रिकामा होता. मीच म्हटलं, त्याले द्या," असं ती अगदी सहज सांगायची. नोकरी दिराची झाली, मग क्वार्टरही दिराच्या नावावर झालं. पुढे त्याचं लग्न झालं आणि हिच्याकडे उरला तो व्हरांडा. क्लास चालत होती तोवर व्हरांडा तिचा. रात्री मुलांच्याच सतरंजीवर झोपायची. ही सगळी गोष्ट ऐकून माझा जीव इतका जळायचा, आणि ती मात्र जावेच्या हातच्या वरणाची तारीफ करायची.

मग टाऊनशिपमध्ये इंग्रजी शाळांचं वेड आलं. केजीत घालायचं तर मुलाचा इंटरव्ह्यू. आमच्या पिंकीचाही झाला. शाळेतल्या बाईंनी प्रेमाने म्हटलं, "पोएम सुनाओ." पिंकीने हात जोडले आणि अख्खी कविता कुजबुजली. एक शब्द चुकली नाही, पण ऐकू कोणाला जातंय. "ज़ोर से बोलो बेटा," असं बाईंनी दोनदा सांगितलं. पिंकी भेदरून माझ्याकडे बघत म्हणाली, "पापा सो रहे हैं."

मला हसूही आलं आणि रडूही. बाईंनी कागदावर लिहिलं, बच्ची बोलती नहीं. त्या वर्षी टीचरकडच्या बऱ्याच मुलांचं तसंच झालं. बातमी नळावर पोचली, तिथून घरोघर गेली. तिच्याकडे लेकरं मुकी होतात, असं बोलणाऱ्या बायका निघाल्या. त्यांच्या नवऱ्यांची इतकी वर्षांची झोप कोणाच्या जिवावर झाली होती, हे कोणाच्या तोंडून निघालं नाही. मला त्यांचा राग आजही येतो.

ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी येईना. "माझ्यामुळं झालं का जी पिंकीचं?"

"नाही हो टीचर. होईल पुढच्या वर्षी."

"मी आता जोरात शिकवतो," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिने मुलांना मोठ्याने म्हणायला लावलं. बिचारी मुलं आधी बिचकली, मग असा गलका केला की शेजारचा सी शिफ्टवाला बनियनवर बाहेर आला. "सोने दोगे कि नहीं? यहाँ क्वार्टर है कि स्कूल?" दिराने तिला सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळपासून क्लास पुन्हा कुजबुजू लागली, आणि जी चार डोकी उरली होती तीही एकेक करून गेली, आमची पिंकीही.

त्या जूनमध्ये एकही मूल आलं नाही. जावेचे वडील गावाहून कायमचे राहायला येणार होते. पोरं येत नसतील तर व्हरांड्यात खाट टाकायची, असं घरात ठरलं होतं. सकाळी टीचर माझ्याकडे आली. केस नीट विंचरलेले, पातळ इस्त्रीचं.

"ताई, पिंकीले एक घंटा देता का? नुसती बसू द्या. खाट येऊन राहिली आज."

मी पिंकीला दिलं. मागच्या लाइनीतल्या दोघी-तिघींकडे स्वतः जाऊन त्यांचीही पोरं मागून आणली. एका सहावीतल्या मुलीलाही खाली बसवलं, इतकी आमची तारांबळ. टीचर हळू आवाजात कविता सांगू लागली. दीर दारात उभा राहून बघत होता. त्या मोठ्या मुलीकडे बघून म्हणाला, "वहिनी, कावून असा तमाशा करून राहिल्या?" तो रागावलाही नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तिने मुलांना उठवलं, सतरंजी झटकली, घडी घातली. खाट संध्याकाळी आली.

काही दिवसांनी ती हुडको कॉलनीत कोणाच्या तरी घरी भाड्याच्या खोलीत गेल्याचं कळलं. मी एकदा शोधायला गेले, पण पत्ता लागला नाही.

पुढे माझ्या धाकट्याला नर्सरीत घालायचं होतं. पिंकीला नाकारलं होतं त्याच शाळेत मी त्याला घेऊन गेले. कॉरिडॉरमध्ये निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत आया पुसायचं फडकं घेऊन उभी होती. ती टीचर होती. माझ्या तोंडून निघालंच, "अहो टीचर—"

तिने झटकन इकडेतिकडे पाहिलं. "टीचर नका म्हणू जी, इथं आयाबाई म्हणा, हात जोडतो. चौथी शिकली म्हणून सांगितलं इथं. मॅट्रिक झाली म्हटलं असतं तर आयाच्या कामावर घेतलं नसतं."

"कशा आहात?" एवढंच विचारलं.

"जेवतो, राहतो," ती म्हणाली.

आतून धाकट्याचं नाव पुकारलं. त्याने भोकाड पसरलं आणि माझे पाय घट्ट धरले. तिने फडकं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, त्याला उचलून घेतलं. तो ती गेल्यानंतरचा; त्याच्या बारशालाही ती नव्हती, तो तिला ओळखत नव्हता. तरी तिच्या खांद्यावर तो गप्प झाला. तिने दार ढकललं, त्याला आत उभं केलं आणि हळूच म्हणाली, "जा राजा. टीचर अंदर हैं."

मग दार ओढून घेतलं आणि ती बाहेर उभी राहिली.