झाडूवाली ओळ

प्रकाशकाचा फोन आला आणि माझं एका जागी बूड टेकेना. "मॅडमजी, आपकी किताब का नया एडिशन निकालते हैं. कव्हर नया, अंदर कुछ मत छेड़ना. बिक रही है ना!"

बिक रही है म्हणे! कॉम्प्युटर लँग्वेजचं ते हिंदी पुस्तक मी इंदूरला परदेशीपुऱ्यात क्लास घ्यायचे तेव्हाचं, खोक्याएवढे मॉनिटर होते तेव्हाचं. आत हात लावायचा नाही, तर नवं काय डोंबल? आणि लावायचा, तर पहिल्या पानापासून सगळंच उसवावं लागणार. या वयात? चहा ठेवला, तो उतू गेला. पुस्तक कपाटातून काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

"अगं, बस ना जरा! लट्टूसारखी गरगर फिरतेयस नुसती," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"तुम्ही गप बसा हो!"

खरं सांगते, जीव होता माझा त्या पुस्तकावर. त्यातली एक ओळ तर फार लाडकी. प्रोग्रामनं काही लिहिण्याआधी स्क्रीनवरचं जुनं पुसून टाकायची आज्ञा. आधी झाडू, मग रांगोळी, असं मी समजावलं होतं. इंदूरच्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं! पोरं तिला झाडूवाली लाइनच म्हणायची. आणि प्रोग्राम अडला की मशीनच्या नावानं ओरडायची. मग मी ठणकावायचे, "नाच न जाने, आंगन टेढ़ा!" पुस्तकातही छापलं होतं ते, अगदी ठळक अक्षरात.

संध्याकाळी वरच्या भाडेकरूंची मुलगी खाली आली. कॉलेजचं पहिलंच वर्ष तिचं. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात माझं पुस्तक, आणि डोळे रडून लाल.

"मावशी, मी कॉमर्स घेऊन घेते. माझ्या बसचं नाही हे. पहिलाच प्रोग्राम चालत नाहीये."

"आण इकडे. टाइप करताना एखादं अक्षर खाल्लं असशील."

काही खाल्लं नव्हतं तिनं. अक्षर न् अक्षर बरोबर. गाडी अडली होती झाडूवाल्या लाइनवर. ती आज्ञा जुन्या सॉफ्टवेअरची, आताच्या मोबाइलला ती कुठून कळणार? मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

"अगं वेडे, पुस्तकच जुनं झालं असेल, असं नाही वाटलं तुला?"

"तुमचं पुस्तक?" तिला ते खरंच वाटेना. मग खाली बघून म्हणाली, "त्यातच तर लिहिलंय ना मावशी. नाच न जाने..."

माझ्याच वाक्यापायी पोरगी स्वतःला दोष देत बसली होती. पुढचं तिला बोलूच दिलं नाही. मोबाइल घेतला, माझी लाडकी ओळ पुसली, वरचं थोडं बदललं आणि तिच्या हातात दिला. "चालव."

चाललं. पोरगी हसली, मग परत रडायला लागली. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

मी तिथल्या तिथे प्रकाशकाला फोन लावला. त्याचं तेच. "मॅडमजी, कव्हर का कलर कौन सा रखें?"

"कव्हर गया चूल्हे में, भिया. पुरानी एक भी कॉपी अब मत बेचना."

"अरे, पर छापना कब है?"

"छापना बाद में. पहले मुझे मेरा आंगन सीधा करने दो."