इलारियोचा हिरवा गहू

इलारियोनं जन्मभर दगड फोडले. माती म्हणजे बुटाला चिकटते ती, एवढीच त्याला ठाऊक. आमच्या ग्वानाह्वातोच्या चढावरच्या गल्लीत त्याचं घर माझ्या घराला लागून. त्याच्या मुलाला, नाबोरला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं ते मी, म्हणून इलारियो आणि त्याची बायको दोमितिला मला कोमाद्रे म्हणतात. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या तोडीचं. तेव्हा मी जरा कडू बोलले तर तो माझा हक्क समजा.

बाप जिथे राबायचा त्याच खाणीत नाबोर लागला. एका सकाळी आतला बोगदा बसला. बाकीची माणसं वर आली, नाबोर आला नाही. पोरगा हाताला लागलाच नाही, अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून इलारियो देवळाची पायरी चढला नाही आणि मुलाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. दोमितिला जपमाळ घेऊन बसली की हा उठून अंगणात जायचा. अंगणात तरी काय होतं? गंजके डबे आणि टणक जमीन.

या हिवाळ्यात दोमितिलाचे पाय गेले. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मरणाची तिला भीती नव्हती. "मी गेल्यावर हा देवाशी भांडण धरून एकटा बसेल, कोमाद्रे," ती म्हणायची. "माझ्या डोळ्यांदेखत एकदा त्यानं पोराचं नाव घेऊन प्रार्थना केली, की मी मोकळी."

"दगडाला पाझर फुटेल, तुझ्या नवऱ्याला नाही," मी बोलून गेले, आणि मग दिवसभर जीभ चावत बसले.

पवित्र आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही घरोघरी दुःखी मातेची, मुलासाठी रडणाऱ्या मरियेची, वेदी मांडतो. जांभळं कापड, सोनेरी निशाणं टोचलेली आंबट संत्री, आणि मातीच्या बशांतून उगवलेला गहू. हा गहू अंधारात वाढवायचा, उजेड दिसू द्यायचा नाही. मग तो मक्याच्या केसांसारखा फिकट पिवळा येतो. शोकाच्या वेदीला आमच्या गल्लीत तसाच लागतो. दोमितिलाची वेदी तर नावाजलेली. यंदा गहू मी पेरते म्हटलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "तू राहू दे. हा पेरेल."

"मला त्यातलं काय कळतंय?" इलारियो कुरकुरला.

"अंधारातलं काम आहे, म्हाताऱ्या. तुझ्याइतकं अंधाराचं कोणाला कळतं?"

त्यानं गहू भिजवला, बशांत पसरला, मागच्या खोलीत ठेवला आणि खिडकीवर घोंगडी टांगली. पहिले काही दिवस पाणी शिंपडून लगेच बाहेर यायचा. मग आत रेंगाळायला लागला. मग तर जेवणाला हाका माराव्या लागायच्या. एका संध्याकाळी मीही त्याच्या मागून आत गेले.

दार ओढलं तसं काहीच दिसेना. ओल्या मातीचा वास तेवढा होता. गल्लीतली कुत्री, देवळाची घंटा, सगळं दुसऱ्याच गावात चाललंय असं वाटत होतं. बराच वेळ उभी राहिले, आणि हळूहळू जमिनीलगत काहीतरी फिकट तरंगताना दिसलं, की तो भासच होता, देव जाणे. आपण जागे आहोत की झोपेत, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. इलारियोनं माझा हात धरून खाली नेला. बोटांना मऊ, ओलसर काही लागलं. तान्ह्या पोराचं जावळ. मी याच हातांनी नाबोरचं डोकं धरलं होतं. मला रडू आवरेना.

"सगळी रोपं एकाच बाजूला वाकलीत, बघा," तो कुजबुजला. "दाराच्या फटीकडे. उजेड यांनी जन्मात पाहिला नाही. मग तिकडे आहे म्हणून सांगितलं कोणी?"

"मला काय विचारता? फादरना विचारा."

"तुम्हाला नाही विचारत, कोमाद्रे," तो म्हणाला. मग मी गुपचूप बाहेर आले.

दुसऱ्या सकाळी धाड धाड आवाज. बघते तर इलारियो खाणीतली पहार घेऊन अंगण फोडतोय. नीलमोहर फुलला होता, त्याची फुलं त्याच्या टोपीवर, खांद्यांवर, उकरलेल्या मातीवर पडत होती, आणि तो त्यातच स्वप्नात असल्यासारखा खणत होता. त्यानं घेवडा पेरला, भोपळा पेरला, शेजाऱ्यांकडून जिरॅनियमच्या फांद्या मागून आणल्या. "म्हातारपणी डोहाळे लागले," असं समोरच्या लेओकादियानं गल्लीभर केलं. दोमितिला खिडकीतून नुसती बघत राहायची.

शुक्रवार दोन दिवसांवर आला आणि त्यानं घात केला. मी अंगणात डोकावले तर गव्हाच्या सगळ्या बशा उन्हात, ओळीनं मांडलेल्या.

"इलारियो, वेड लागलं का तुम्हाला? उचला आधी त्या."

"नाही उचलणार."

"हिरवा होईल तो. बाईनं जन्मभर जपलेली वेदी, शेवटची असेल तिची. तिच्या नाकावर टिच्चून हे करायचं होतं?"

तो वाफ्याच्या कडेला जाऊन बसला. तिथली माती बोटांनी मोकळी करू लागला. मला इतका संताप आला, की मी दार आपटून घरी गेले.

शुक्रवारी गहू हिरवागार. आता दुसरा आणणार कुठून? मीच वेदी मांडली, ओठ आवळून. दुपारी शेजारपाजार येऊ लागला. या दिवशी दारात विचारतात, "माता रडली का?" घरचे म्हणतात, "रडली, या," आणि अंबाडीच्या बोंडांचं लालभडक सरबत देतात, तेच तिचे अश्रू. लेओकादियानं एक घोट घेतला, वेदीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बकरी बांधणार आहात वाटतं इथे." कोणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात इलारियोनं दोमितिलाला उचलून आणलं आणि खुर्चीत बसवलं. तिनं हिरव्या बशा पाहिल्या.

"कोणी केलं हे?" तिनं विचारलं.

"मी. मी बाहेर काढला." तो म्हणाला. "फटीकडे वाकून उभा होता गं तो. माझ्यानं नाही ठेववला आत. त्या वेळी पोराला मला बाहेर काढता आलं नाही. हा तरी हाताशी होता."

दोमितिलानं त्याचा हात धरून खाली ओढला, तसा तो वेदीपुढे गुडघ्यांवर बसला. "नमो मरिये," त्यानं सुरू केलं आणि अडकला. पुढचं आठवेना. मागून लेओकादिया, तीच ती, हलकेच म्हणाली, "कृपापूर्णे." त्यानं मान हलवली. ते शब्द नकोत असं काहीसं.

"माझा नाबोर खाली आहे," तो म्हणाला. तो थेट देवाशी बोलतोय ते आम्हा सगळ्यांना कळलं. "मला दिसत नाही तो. तू फटीतून का होईना, दिसतोस त्याला. त्याला अंधारात ठेवू नकोस. आणि ही येतेय तुझ्याकडे, हिलाही सांभाळ. मी इथे वाफ्यांना पाणी घालीन."

आमेन म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. ते दोमितिला म्हणाली.